तूप गेलं, त्याऐवजी काय आलं?

गेल्या चाळीस वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातली तुपाची बरणी एकदा मागे गेली आणि आता पुन्हा पुढे आली आहे. आजी होती तेव्हा ती ओट्यावर हाताशी असायची. वरणभातावर तुपाची धार पडल्याशिवाय पान वाढून झालं असं आजी मानतच नसे. मग वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावरची पहिलीच ओळ होती, तूप-लोणी-अंडी बंद. बरणी फडताळाच्या मागच्या रांगेत गेली, पुढे करडईच्या तेलाचा डबा आला आणि संध्याकाळच्या चहाबरोबर लाडवाच्या जागी बिस्किटांचा पुडा आला. आता माझी मुलगी तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला सांगते की थोडं तूप चालतं, अंड्यातला बलक टाकायचा नसतो, सोडायची तर ती बिस्किटं सोड. परवा आईनं हातातला चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "अगं, मग तेव्हाचं खरं होतं की आत्ताचं खरं?"

तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं. ते मिळालं नाही की माणसं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण येईल त्या नव्या सल्ल्यामागे धावतात. या महिन्यात भात बंद, पुढच्या महिन्यात गहू बंद. काही जण म्हणतात, तज्ज्ञांचंच आपसांत ठरत नाही, मग आपण कशाला जिवाला त्रास करून घ्यायचा? मला ही दुसरी वाट जास्त काळजीची वाटते, कारण ती धरलेली माणसं खरा सल्लाही कानावेगळा करतात.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आहाराचा सल्ला म्हणजे त्या त्या काळच्या आजाराला दिलेलं उत्तर असतं. आजार बदलला की उत्तर बदलतं. आपल्या देशातल्या अशा सल्ल्यांचं माहेर म्हणजे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था. तिची सुरुवात 1918 साली निलगिरीतल्या कुन्नूरला झाली, तीही बेरीबेरी या एका आजाराच्या शोधासाठी. रॉबर्ट मॅककॅरिसन हे तिचे संस्थापक. गिरणीत पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ हेच ज्यांचं मुख्य अन्न होतं, त्यांचे हातपाय बधिर होत, हृदय दुबळं पडे. कोंड्याबरोबर थायमिन हे जीवनसत्त्व निघून जात होतं. तेव्हाचा शहाणा सल्ला होता, हातसडीचा किंवा उकडा तांदूळ खा. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्यांना तो कुणी सांगायला जावं लागलं नसतं. 1958 मध्ये संस्था हैदराबादला आली तेव्हा देशापुढचा प्रश्न उपासमारीचा होता. आणि 2024 च्या मे महिन्यात तिनं भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, तेव्हा सांगितलं की देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी 56.4 टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे. शंभर वर्षांत आपण एका जीवनसत्त्वाच्या कमतरतेपासून मधुमेह आणि रक्तदाबापर्यंत आलो. सल्ला तोच राहिला असता तर ती संस्था बंद करावी लागली असती.

पण सगळेच बदल असे आजार बदलल्यामुळे झालेले नाहीत. काही वेळा तज्ज्ञ खरोखरच चुकले, आणि ती चूक दुरुस्त करण्यात आपल्याच एका माणसाचा मोठा वाटा होता.

1950-60 च्या दशकांत जगभर असं मानलं जात होतं की गरीब देशांतली मुलं खुरटतात ती प्रथिनांच्या अभावामुळे. धान्य आहे, पण दूध-मांस नाही, ही खरी अडचण, असा समज होता. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तर येऊ घातलेलं प्रथिनांचं संकट टाळण्यासाठी अख्खा अहवाल काढला. माशांचं पीठ करून वाटावं, खनिज तेलावर यीस्ट वाढवून त्यातून प्रथिनं काढावीत, अशा योजनांवर पैसा आणि वर्षं खर्च होत होती. त्या काळात रोममधल्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळत होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेला हा माणूस आकड्यांकडे फार बारकाईनं बघायचा. आहार-पाहण्यांचे आकडे त्यांनी पुन्हा तपासले. त्यांना दिसलं की ज्यांना प्रथिनं कमी पडत होती, त्यातल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडत होतं. चुलीला सरपण मिळालं नाही की माणूस घराच्या फळ्या काढून जाळतो, तसं शरीराचं होतं. ऊर्जा कमी पडली की ते अंग भरण्यासाठीची प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं. म्हणजे त्या मुलाला प्रथिनाची पावडर नव्हे, पोटभर वरणभात हवा होता. इकडे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन मुलांच्या प्रत्यक्ष आहाराचा अभ्यास करून त्याच निष्कर्षाला पोचले होते. 1974 मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन या पोषणतज्ज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रकरणाला प्रथिनांची मोठी फजिती असंच नाव देऊन टाकलं.

ही गोष्ट मला आज आठवते, कारण दुकानात पुन्हा प्रथिनांचे डबे रांगेनं उभे आहेत. 2010 साली प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ग्रॅम प्रथिनं लागतात असं आपल्याकडे धरलं जाई. 2020 मध्ये तो आकडा चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी 0.83 वर आला. 65 किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे 54 ग्रॅम. आकडा खाली आला याचा अर्थ डाळ कमी करा असा नाही. 'चांगल्या प्रतीच्या' या शब्दांत सगळं आलं. नुसत्या धान्याची प्रथिनं अपुरी असतात, नुसत्या डाळीचीही. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. तीन भाग धान्य आणि एक भाग डाळ हे त्याचं ठोकळ प्रमाण. वरणभात, खिचडी, भाकरी-पिठलं, मटकीची उसळ आणि पोळी, भाजणीचं थालीपीठ यांत ही जोडी आहेच. बिघाड होतो तो प्रमाणात. वाटीभर भातावर दोन चमचे पातळ वरण म्हणजे तीनास एक नव्हे, दहास एकसुद्धा नव्हे.

आता तुपाकडे वळते, कारण आईचा खरा प्रश्न तुपाचा होता.

तुपाच्या जागी आपल्याकडे आधी आलं ते डालडा, 1937 साली. तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं, तुपासारखं दाणेदार दिसतं, स्वस्त पडतं आणि टिकतंही. लग्नाच्या पंगतीपासून बेकरीच्या खारीपर्यंत ते सगळीकडे गेलं. रिकाम्या डब्यांत लोक तुळस लावायचे. डॉक्टर साजूक तुपाला घाबरू लागले तेव्हा अनेकांनी निर्धास्तपणे हे वनस्पती तूप वापरलं, कारण ते तेलापासून, म्हणजे झाडापासून झालेलं होतं. पण तेल असं अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. 1990 मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटन यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि शिवाय चांगलं कमी करतं. ही दुहेरी हानी लोणी-तुपातूनही होत नाही. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर मर्यादा आली, ती टप्प्याटप्प्यानं कडक होत गेली आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली गेली. मधल्या काळात किती घरांनी हृदय जपण्यासाठी तूप सोडून डालडा धरला असेल, या विचारानं मला वाईट वाटतं.

दुसरी पाळी करडईच्या तेलाची. ऑस्ट्रेलियात सिडनीला 1966 ते 1973 दरम्यान हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या अर्ध्या लोकांना लोणी-चरबी सोडून करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन खायला सांगितलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण जुनी आकडेवारी शोधून 2013 मध्ये पुन्हा मांडली गेली, तेव्हा दिसलं की त्या गटात मृत्यू कमी नव्हे, जास्त झाले होते. त्या मार्गारिनमध्ये आणखी काय होतं यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, आणि या एका प्रयोगावरून सोलापूरकडच्या करडईला विष ठरवणं चुकीचं होईल. इतर अनेक अभ्यास मिळून असं सांगतात की तूप-लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांच्या जागी वनस्पतिजन्य तेलं आणली तर हृदयविकाराचा धोका कमी होतो. मात्र त्यांच्या जागी मैदा आणि साखर आणली तर तो फायदा मिळत नाही.

या वाक्यावर मला थांबायचं आहे. वडिलांच्या कागदावर काय बंद करायचं ते लिहिलं होतं. त्याऐवजी काय, ते लिहिलं नव्हतं. माणूस उपाशी राहत नाही. ताटातून एक पदार्थ गेला की दुसरा येतोच, आणि तब्येतीचं काय होणार ते त्या दुसऱ्यावर ठरतं. आमच्याकडे तूप गेलं आणि बिस्किटं आली, म्हणजे मैदा, साखर आणि घट्ट केलेलं तेल. अमेरिकेत 1980-90 च्या दशकांत हेच फार मोठ्या प्रमाणात झालं. 'फॅट नाही' असं छापलेल्या खाण्याच्या पाकिटांतून साखर आणि मैदा घरोघर गेला. सल्ला देणाऱ्यांची चूक तूप कमी करा म्हणण्यात नव्हती, आजही ते बेतानंच खायला सांगतात. चूक होती ती वाक्य अर्धं सोडण्यात.

अंड्याचीही हीच कहाणी. 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खायला घातलं आणि त्यांच्या धमन्या चोंदलेल्या दिसल्या. ससा झाडपाला खाणारा प्राणी. माणसाचं शरीर मात्र बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतःच यकृतात तयार करतं आणि खाण्यातून जास्त आलं तर बहुतेकांमध्ये आपलं उत्पादन कमी करतं. तरी पुढे अमेरिकेत दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा आली, एका अंड्यातच दोनशेच्या आसपास असतं, आणि जगभर बलक फेकला जाऊ लागला. 2015 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतून तो आकडा काढून टाकला गेला. उकडलेलं अंडं आणि ज्वारीची भाकरी हा जेवणाचा एक प्रकार, आणि लोण्यात परतलेल्या बुर्जीबरोबर लोण्यातच भाजलेले चार पाव हा दुसरा. अंडं दोन्हीकडे एकच आहे.

मग आता 2024 चं काय घ्यायचं? त्या तत्त्वांबरोबर 2000 कॅलरीच्या दिवसाचं एक ताट दिलेलं आहे. एका प्रौढ माणसासाठी कच्च्या वजनात: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जागी अंडी-मासे-मटण 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. यातलं धान्य आणि डाळीचं प्रमाण पाहा, जवळजवळ तीनास एकच. शिवाय धान्यातून दिवसाच्या 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा येऊ नये असं त्यात म्हटलं आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे ती 50 ते 70 टक्के येते.

हे ग्रॅम वाचून कुणीही गोंधळेल, म्हणून मी ते आपल्या पानावर मांडून पाहिलं. आपल्या पानात डावी बाजू आणि उजवी बाजू असते. डावीकडे वर चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. हे सगळं थोडं थोडं वाढायचं. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. हे हवं तेवढं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा हा सल्ला म्हणजे मीठ-लोणचं डावीकडेच राहू द्या. जवस, कारळं, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्यांतून त्या 35 ग्रॅमचा बराच भाग भरून निघतो, फक्त चटणी चमचाभर नव्हे तर दोन-तीन चमचे घ्यायची आणि तिच्यात मीठ बेतानं घालायचं. एकच गोष्ट मी डावीकडून उजवीकडे आणायला सांगेन, ती म्हणजे कोशिंबीर. काकडी, गाजर, मुळा, कोबी यांची कोशिंबीर चमचाभर न वाढता वाटीभर वाढली, की 400 ग्रॅमचा अवघड वाटणारा आकडा आवाक्यात येतो. चौघांच्या घराला दिवसाला 1 किलो 600 ग्रॅम भाजी लागते. सकाळच्या डब्यांसाठी अर्धा किलो भेंडी आणि संध्याकाळी पिठलं, एवढ्यात ती होत नाही.

भरडधान्यांबद्दल दोन शब्द. भारताच्या पुढाकारानं 2023 हे त्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि ज्वारी-बाजरी-नाचणीला मान आला, हे फार चांगलं झालं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण भाकरीही धान्यच आहे. ऊर्जा गव्हाइतकीच देते. मधुमेह आहे म्हणून पोळीच्या जागी तीन भाकऱ्या, असं करून साखर उतरत नाही. आणि नाचणीच्या बिस्किटाच्या पाकिटावर मागच्या बाजूला घटक वाचा. पहिली दोन नावं मैदा आणि साखर असतील तर नाचणी फक्त पुढच्या चित्रात आहे.

पैसा न लागणारा एक बदल चहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2019-21 मध्ये देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. चहा-कॉफीतलं टॅनिन जेवणातल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा असं 2024 ची तत्त्वं सांगतात. लिंबातलं क जीवनसत्त्व नेमकं उलटं काम करतं, लोह शोषायला मदत करतं. आपण कांदेपोह्यांवर लिंबू पिळतो आणि त्याच घासाबरोबर चहाचा घोट घेतो. लिंबानं दिलेलं चहा काढून घेतो. पोहे आठला आणि चहा नऊला, एवढं जमलं तरी घरातल्या मुलीबाळींचं भलं होईल.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीनं सगळ्यात नाजूक आहे. घरातल्या एका माणसाचा कागद सगळ्या घराला लागू होतो. आजोबांचं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून घरात साय काढलेलं दूध येतं आणि दीड वर्षाच्या नातवालाही तेच मिळतं. दोन वर्षांखालच्या मुलाच्या मेंदूची वाढ जोरात चालू असते; त्याचं तूप-साय तोडायचं नसतं. दुसऱ्या टोकाला म्हातारं माणूस. माझ्या ओळखीतल्या एका आजींना मुलाच्या पथ्याचंच जेवण मिळायचं, बिनतेलाची भाजी, दोन फुलके, पातळ वरण. त्यांची भूक आधीच चिमणीएवढी. वर्षभरात त्यांच्या दंडावरचं मांस उतरलं आणि मोरीतून उठताना भिंत धरावी लागू लागली. त्यांना कमी करण्याचा सल्ला नकोच होता. त्यांना दही, अंडं, मुगाचं धिरडं, चमचाभर तूप घातलेली मऊ खिचडी हवी होती. 2000 कॅलरीचं ताट हे प्रौढ, धडधाकट माणसाचं आहे. मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मूत्रपिंडाचा रुग्ण यांचं पान वेगळं वाढायचं, आणि आजार असेल तर आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यानंच.

आईला मी त्या दिवशी सांगितलं, की तेव्हाचं अर्धं खरं होतं. तूप बेतानं खा हे तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे; बिस्किटांचा पुडा आपण आणला. तिनं वरणभातावर अर्धा चमचा तूप घेतलं आणि बरणी झाकण लावून ओट्यावर ठेवली.

तुम्ही एवढं करून बघा. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेलाचा नवा डबा किंवा पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेननं तारीख लिहा, आणि महिनाअखेरीला किती संपलं ते, त्यात तूप-लोणी मिळवून, मोजा. चौघा प्रौढांच्या घरासाठी 2024 चा हिशोब महिन्याला सव्वातीन किलोचा आहे.